उरलं ते बिरोबाचं

फोन ठेवला आणि मग सत्यभामाबाईंच्या लक्षात आलं, की आपण ‘बरं’ म्हणालो. आसारामनं, त्यांच्या भावाच्या मुलानं, नेहमीच्या घाईत विचारलं होतं, “आत्या, बारवात मोटार टाकायची ठरलीय. डेअरीच्या जनावरांना पाणी न्हाई. लोक म्हणतेत, मानकरणीनं हो म्हणलं पायजे. तुमी म्हणता ना हो?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “बरं.” साधा शब्द. टेलिफोन खात्यात त्यांची उभी हयात गेली; कानाला यंत्र लावून दिवसभर त्या अनोळखी माणसांना ‘बरं’ म्हणत आल्या होत्या. तो होकार नसायचाच. पलीकडे कुणी बोलतंय, अलीकडे कुणी ऐकतंय, एवढाच त्याचा अर्थ. पण आसारामला तो अर्थ कसा कळावा? त्यानं ‘लई उपकार झाले आत्या’ म्हणून फोन ठेवूनही दिला होता. गॅसवर चहा उतू जात होता. त्यांनी तो बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला, आणि पुसता पुसता एकदम तोल गेल्यासारखं वाटलं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं.

धायरीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली टँकर आला होता, त्याचा पाइप अंगणातल्या टाकीत धडधडत होता. त्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. आसारामचं काही चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पावसानं सलग दगा दिलेला. शिरूर कासारच्या त्या उघड्या मुलखात, बिरूवाडीत, जी काही चार घरं उसाच्या तोडीला न जाता गावात राहिली होती ती आसारामच्या दूध संस्थेमुळे. त्यानं उन्हातान्हात फिरून ती संस्था उभी केली होती. म्हशी मेल्या तर त्या घरांतल्या सुना पुन्हा कोयता घेऊन गाडीत चढणार होत्या. मग मोटार बसली तर बिघडलं काय? बारव म्हणजे तरी काय, एक जुनी विहीर. असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता नाकात बारवेचा वास आला. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, वर भाजणारं ऊन आणि चार पायऱ्या उतरल्यावर पोटऱ्यांना लागणारा गारवा. तो वास पुण्यात कुठेच नव्हता. आणि त्या वासामागून, बांगड्या न वाजवता, मोठी आई आली.

मोठी आई म्हणजे मनकर्णा, त्यांची चुलती. थोरल्या काकांच्या मागे एकटी राहिलेली, मूलबाळ नसलेली, चार मेंढ्या आणि एक फटकळ तोंड एवढी इस्टेट असलेली बाई. बिरोबाच्या जत्रेत पहिली घागर भरायचा मान तिच्याकडे होता. तो घराण्यातल्या बाईकडून बाईकडे यायचा. लहानपणी सत्यभामाबाई तिच्या कुशीत झोपून तोच तोच प्रश्न विचारायच्या, बारव कुणी बांधली? मोठी आई सांगायची, आपल्याच धनगरांनी. मेंढरं घेऊन जो जो कळप इथून गेला त्यानं एक दगड रचला. राजानं न्हाई बांधली, सावकारानं न्हाई. म्हणून ती कोणाची न्हाई. आणि मग ती ते वाक्य म्हणायची, ओवी म्हणावी तसं, डोळे मिटून: अंगाला पेलंल तेवढं आपलं, उरलं ते बिरोबाचं. म्हणजे कमरेवर, डोक्यावर, खांद्यावर जेवढं पाणी माणूस वर नेईल तेवढं त्याचं. मोट लावायची नाही, चाक लावायचं नाही. उरलेलं देवाचं, आणि देवाचं म्हणजे वाटेनं जाणाऱ्या कळपाचं, लांडग्याचं, होल्या-पारव्यांचं, पुढच्या वर्षीचं. सत्यभामाबाईंना तेव्हा वाटायचं, देव किती साधा आहे, त्याला फक्त उरलेलं लागतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. गावातली माणसं रस्त्यावर खडी फोडायला जात, सुकडी खाऊन परत येत. आड आटले, विहिरी उघड्या पडल्या, आणि बारवेचं पाणी एकेक पायरी खाली उतरत गेलं. ते उतरणं बघण्याची एक भीती होती. रोज सकाळी जाऊन बघायचं, काल झाकलेली पायरी आज उघडी. तिच्यावर शेवाळाचा हिरवा ओरखडा, दुपारपर्यंत तोही वाळून पांढरा. त्याच वर्षी सुंदररावांनी बारवेत इंजिन बसवायचं ठरवलं. सुंदरराव गावातले मोठे बागायतदार, पण माणूस वाईट नव्हता. सहकारी पाणीपुरवठा संस्था त्यांनीच काढलेली. लहान शेतकऱ्यालाही ऊस लावता यावा म्हणून ते दारोदार फिरले होते. सत्यभामाबाईंचे वडील त्या संस्थेचे सभासद होते, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या रानात ऊस उभा होता, आणि तो ऊस पानाच्या टोकापासून वाळत होता. त्या चैत्रातल्या दुपारी इंजिन बैलगाडीवर घालून आणलं, तेव्हा बैलांचा कासरा वडिलांच्याच हातात होता.

मोठी आई सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती, घागर मांडीवर घेऊन. तिच्यामागे खालच्या पायऱ्यांवर गावातल्या बाया. सत्यभामाबाई तिला खेटून, इतक्या खेटून की तिच्या दंडाचा घाम त्यांच्या दंडाला लागत होता.

“वैनी, उठा,” सुंदरराव म्हणाले. “संस्था काय माझ्या एकट्याची हाय का? सगळ्या गावाची हाय.”

“सगळ्या गावाची?” मोठी आई म्हणाली. “मेंढरं सभासद हायत का तिच्यात?”

माणसं हसली. सुंदररावही हसले, पण घाम पुसत. “ऊस गेला तर घरं बसतील. तुमच्या दिराचंबी घर हाय त्यात.”

“हाय की. मंग त्यानं डोक्यावर न्यावं पाणी, कोण न्हाई म्हणतंय? तुमच्या आज्या-पणज्यानं बी डोक्यावरच नेलं. देवाच्या पाण्याला चाक लागलं न्हाई आजवर.”

वडिलांनी मान खाली घातली. सत्यभामाबाईंना तेव्हा कुणाचा राग यावा ते कळेना. बापाचा ऊस खरा होता, मोठ्या आईचा देवही खरा होता. आज गॅलरीच्या गजाला धरून उभं असताना त्यांना वाटलं, तसं ते अजूनही कळलेलं नाही; माणूस म्हातारा होतो म्हणजे फक्त ते न कळणं सवयीचं होतं. खाली टँकरवाला पाइप गुंडाळत होता. मग त्या दुपारी जे झालं ते त्यांच्या कानात आलं. दृश्य नंतर, आवाज आधी. बारवेच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली, बायनाबाई उभी होती. मातंग वस्तीवरची. तिनं नेहमीसारखं लांब उभं राहायचं, खालून पाणी आणणाऱ्या कुणा बाईनं वरून तिच्या हंड्यात वाढायचं, ही रीत. त्या दिवशी सगळ्या बाया पायऱ्यांवर बसलेल्या, त्यामुळे सकाळपासून तिचा हंडा कोरडाच होता.

“मनकर्णाबाई,” ती म्हणाली, “येक इचारू का?”

“ए बायने, गप,” कुणीतरी ओरडलं.

“तुमी म्हणता हे पाणी देवाचं हाय. मंग मला कावून वरनं वाढता? मी काय त्या इंजनाहून जड हाय का?”

कुणी हसलं नाही. बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं, तेवढंच. सत्यभामाबाईंना आठवतो तो मोठ्या आईचा दंड. घामेजलेला होता, तो एकदम गार पडला. वर्षानुवर्षं जे वाक्य ती डोळे मिटून म्हणत आली होती, ते कुणीतरी तिच्याच हातातून घेऊन तिच्यासमोर धरलं होतं, आणि त्यात एक माणूस मावत नव्हतं. ती उठली. सुंदररावांना वाटलं, बाई वळली. त्यांनी गाडी पुढे घ्यायची खूण केली. पण मोठी आई त्यांच्या जवळून निघून सरळ लिंबाखाली गेली आणि बायनाबाईसमोर उभी राहिली.

“चल,” म्हणाली.

“कुठं?”

“खाली.”

बायनाबाई हलली नाही. “आन् उद्या?”

“उद्या बी.”

“आन् पाऊस पडल्यावर?”

यावर मोठ्या आईला वेळ लागला. अडचणीत सगळेच उदार होतात, हे त्या दोघींनाही माहीत असावं. मोठी आई बारवेकडे बघत राहिली, मग बिरोबाच्या देवळाच्या कळसाकडे, आणि मग बायनाबाईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “पाऊस पडल्यावर बी. मी मेल्यावर बी.”

बायनाबाई उतरली. तिच्या पायांना त्या पायऱ्या माहीत नव्हत्या, ती भिंतीला हात लावून उतरत होती. काही बाया तिच्यासाठी सरकल्या. काही उठल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन निघून गेल्या. ती खाली वाकली, आधी ओंजळीनं प्याली, मग हंडा भरला. वर सुंदरराव रागानं नव्हे, सुटल्यासारखे म्हणाले, “झालं. आता हे पाणी पिणार कोण? लावा इंजन.”

तेव्हा गहिनीनाथ भगत उठला. बिरोबाचा म्हातारा पुजारी, दिवसभर देवळाच्या दारात बसून होता, कुणाच्या बाजूनं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो काठी टेकत आला आणि वर आलेल्या बायनाबाईसमोर त्यानं ओंजळ धरली. “वाढ, माय.” ती वाढत होती, पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं. तो पोटभर प्याला. मग कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून त्यानं पाण्यावर उधळला, बायनाबाईवर उधळला, इंजिनावर, बैलांवर, सुंदररावांच्या कपाळावर. “तहान कोणाला लागली, हे बिरोबा इचारत न्हाई,” तो म्हणाला. “जाती तुमी इचारता.” कुणीतरी ढोल वाजवायला घेतला. सुंदरराव पिवळ्या कपाळानं उभे होते. त्यांनी भंडारा पुसला नाही. त्यांच्या वाडवडिलांनी कधी पुसला नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी सत्यभामाबाईंच्या वडिलांच्या हातातून कासरा घेतला आणि गाडी स्वतः वळवली.

या सगळ्याची किंमत पडली, हे सत्यभामाबाईंनी कधी विसरू दिलं नाही स्वतःला. ऊस वाळून गेला. सुंदररावांचाही गेला, वडिलांचाही. दिवाळीपर्यंत वडील आपल्या वहिनीशी बोलले नाहीत; ताटावरून उठताना ‘तुमचा देव जगला’ एवढंच एकदा म्हणाले. पण बारव आटली नाही. पाणी तळच्या पायरीपर्यंत गेलं, हिरवं झालं, गाळून घ्यावं लागलं, आणि तिथंच थांबलं. पार तलवाड्याकडून धनगरांचे कळप आले आणि पिऊन गेले. उठून गेलेल्या बायाही एकेक करून परत आल्या, न बोलता, पदर पुढे ओढून. आणि पाऊस पडल्यावर, सगळे ओढे वाहत असताना, मोठी आई रोज सकाळी वस्तीवर जाऊन बायनाबाईला हाक मारायची. लोक म्हणायचे, आता कशाला? ती म्हणायची, आताच. पुढे ती गेली तेव्हा जत्रेच्या घागरीचा मान तिनं सत्यभामाबाईंना दिला. त्या नोकरीला पुण्यात आल्या होत्या. पहिली काही वर्षं जत्रेला गेल्या. मग रजा, मग नवऱ्याचं आजारपण, मग नुसतीच सवय. घागर आसारामची आई भरत राहिली. एवढी मोठी माणसं आपल्या घरात होऊन गेली आणि आपण त्यांच्या वतीनं फोनवर ‘बरं’ म्हणतो, असं त्यांच्या मनात आलं. त्या आत आल्या आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. नगर मागे पडलं तशी जमीन उघडी होत गेली, आणि उघड्या जमिनीबरोबर त्यांच्या तोंडातले शब्द बदलू लागले. शेजारच्या बाईला त्यांनी ‘फार ऊन आहे’ म्हणायच्या ऐवजी ‘लई ऊन हाय’ कधी म्हटलं ते त्यांनाही कळलं नाही. उतरल्या तिथे आसाराम मोटारसायकल घेऊन आला होता. “आत्या, फोनवर हो म्हणलात, मंग येवढ्या उन्हात कावून आलात?”

“ते हो नव्हतं रे,” त्या म्हणाल्या.

त्यानं त्यांना घरी नेण्याआधी गोठ्यावर नेलं. म्हशींच्या बरगड्या दिसत होत्या. एक म्हैस जिभेनं पाण्याची कोरडी दगडी डोण चाटत होती, पुन्हा पुन्हा, दगडात काही उरलंय असं समजून. “आता सांगा,” तो म्हणाला. रात्रभर तो जिभेचा खरखरीत आवाज त्यांच्या अंगावर फिरत राहिला.

सकाळी बिरोबाच्या ओट्यावर गाव जमलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. सत्यभामाबाईंना बायनाबाईची लेक सावित्रीबाई दिसली. त्यांच्याच बरोबरीची, उसाच्या तोडीवरून नुकतीच परतलेली, हाताला कापड गुंडाळलेलं. ती मागे नव्हती, ओट्याच्या कडेलाच बसली होती. “मी पुण्यात नळाचं पाणी पिते,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मी इथे येऊन हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मोठ्या आईनं मान मला दिला, पण शब्द हिच्या आईला दिला होता. हिला विचारा.”

आसाराम ओशाळला. हे त्याला सुचलंच नव्हतं, आणि ते सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो सावित्रीबाईकडे वळला. “मावशी, तुमी सांगा.”

“मोटारीचं पाणी कुठं जाणार?”

“डेअरीच्या टाकीत.”

“आन् टाकीतलं?”

“सभासदांना.”

“आमची म्हस न्हाई, म्हणून आमी सभासद न्हाई. धनगराची मेंढरं बी न्हाईत. आज टाकी, उद्या टाकीला कुलूप.”

“मंग जनावरं मरू द्यायची का?” आसारामचा आवाज फाटला. “सांगा ना. मी मेलेलं जनावर ओढून टाकलंय या हातानं.”

“मी कावून म्हणंल तसं?” सावित्रीबाई उठली. “जनावराची तहान काय येगळी असती? बारवात उतरा. समदे उतरा, सभासद बी, बिनसभासद बी. रांग धरू, हातोहात घागरी वर काढू. जेवढं निघंल तेवढं जनावराला. थकलो की थांबू. माणूस थकतं, म्हणून पाणी उरतं. मोटार थकत न्हाई, आसाराम.”

एक जण म्हणाला, हा येडेपणा हाय. आणि तो निघून गेला. त्याच्यामागून आणखी काही. मग आसारामनं चपला काढल्या.

त्या दिवसापासून रोज उन्हं चढण्याआधी रांग लागायची. सगळ्यात खाली, गुडघाभर पाण्यात, आसाराम. मग वरपर्यंत बाया-माणसं, ज्यांच्याकडे म्हशी होत्या ती आणि ज्यांच्याकडे नव्हत्या तीही. सत्यभामाबाई मधल्या एका पायरीवर उभ्या राहत. हातात भरलेली घागर येई, क्षणभर तिचं वजन सगळ्या अंगातून जाई, आणि ती पुढच्या हातात जाई. पहिल्या दिवशी त्यांचे खांदे भरून आले. “पुण्याचा खांदा हाय,” सावित्रीबाई वरून हसली, “त्यांना अर्धीच द्या.” सगळ्या म्हशी काही वाचल्या नाहीत. काही विकाव्या लागल्या, काही चारा छावणीवर गेल्या, आणि संस्थेचं दूध निम्म्यावर आलं. पण संस्था बसली नाही. सुना गावातच राहिल्या. निघून गेलेला माणूसही आठवड्यानं येऊन रांगेत उभा राहिला, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही. पाणी उतरत होतं, पण माणसांच्या चालीनं उतरत होतं. सत्यभामाबाईंना वाटे, हे आपल्या पूर्वजांनी एवढ्या आधी कसं ओळखलं असेल? देवाच्या नावानं त्यांनी एक एवढीशी मर्यादा घालून ठेवली, आणि जिथे ती मर्यादा तोकडी होती तिथे एका बाईनं कोरडा हंडा घेऊन ती मोठी केली. दोघांचंही आपण काही लागतो, या विचारानं त्यांना घागर हलकी वाटायची.

त्या राहिल्या, कारण जत्रा जवळ आली होती. जत्रेच्या सकाळी ढोल सुरू झाला, नव्या भगतानं नवी घागर भंडारा लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. त्या गर्दीतून सावित्रीबाईकडे गेल्या आणि घागर तिच्यासमोर धरली. ढोल थांबला. “पहिली घागर तू भर,” त्या म्हणाल्या. “आजपासून हा मान तुझा.”

सावित्रीबाईनं घागरीला हात लावला नाही. तिनं सत्यभामाबाईंकडे मायेनं बघितलं, जुन्या मैत्रिणीकडे बघावं तसं.

“मान तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सत्यभामाबाई,” ती म्हणाली. “मान देता येतो, तसा काढून बी घेता येतो. माझ्या आईनं मान न्हाई मागितला. वाटा मागितला. तो हाय माझ्याकडं.”

सत्यभामाबाई घागर धरून तशाच उभ्या राहिल्या. आपण देणारे नाही, हे कळायला इतकी वर्षं लागली याची त्यांना लाज वाटली नाही. उलट खूप दिवसांनी श्वास पुरा आत गेल्यासारखं वाटलं. सावित्रीबाईनं आपला रोजचा, पोचे पडलेला हंडा कमरेवर घेतला आणि पायऱ्या उतरायला लागली. दोन पायऱ्यांवर थांबून तिनं मागे बघितलं.

“चला की. आन् भिंतीकडनं उतरा, मागं लई बाया हायत.”